शुक्रवार, सहा तेहतीसच्या आत

या आठवड्यात पाणी गुरुवारी रात्री दोन वाजता आलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आमच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी एकदा येतो, आणि तो नेमका शुक्रवारी संध्याकाळी आला तर माझी काय गत होते ते घरच्यांनाच माहिती. शुक्रवारी सूर्य बुडाला की आमच्याकडे शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागतो, मग मोटर नाही, गॅस पेटवणं नाही, लाईटचं बटणसुद्धा नाही. त्यामुळं दोन वाजता उठून बॅरल, हंडे, कळशा, फिल्टर सगळं भरून घेतलं आणि पहाटे परत आडवी झाले तेव्हा वाटलं चला, अर्धा शुक्रवार इथंच झाला.

बरेच जण विचारतात तुम्ही नक्की कोण, म्हणून एकदा लिहूनच टाकते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठीच, भांडण मराठीत आणि लाड पण मराठीत. आमच्यात पिढ्यानपिढ्या सांगतात की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, जे वाचले ते तिथंच राहिले, तेलाचे घाणे चालवायला लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावातले लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. भाषा विसरली, पोथ्या राहिल्या नाहीत, शेमा ही एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली, पण शनिवारचा बैल घाण्याला जुंपायचा नाही हे विसरले नाहीत. मुंबईत मांडवीला पहिली मशीद बांधली ती १७९६ ला, समाजातल्याच सॅम्युएल दिवेकरांनी (आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात). म्हणजे त्याच्या आधी कितीतरी पिढ्या ना मशीद ना काही, नुसतं घर आणि बंद घाणा. सोलापुरात बसून मला हे फार जवळचं वाटतं, कारण आमच्याकडं पण तेच आहे. इथं मशीद नाही, जायचं तर पुण्याला रास्ता पेठेत, अडीचशे किलोमीटर. ओळखीत आमच्यासारखं दुसरं घर नाही. जो काय शब्बाथ आहे तो चार भिंतीतच करायचा.

आजोबा रेल्वेत गार्ड होते, बदली होऊन सोलापूरला आले ते इथलेच झाले. शनिवारी ड्यूटी लागायचीच, रेल्वे काय कुणासाठी थांबत नाही, पण ते अदलाबदल करून घ्यायचे. दिवाळीची ड्यूटी यांनी करायची, ईदची यांनी करायची, आणि त्या बदल्यात लोक यांचे शनिवार घ्यायचे. बाबा सांगतात की लहानपणी दिवाळीत वडील कधी घरी नव्हतेच, पण शुक्रवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

त्यांची एक वही आमच्याकडं आहे. मुंबईहून दरवर्षी कॅलेंडर यायचं त्यात शुक्रवारी मेणबत्त्या कधी लावायच्या त्याच्या वेळा छापलेल्या असतात, सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी. पण त्या वेळा मुंबईच्या. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला तीन रेखांश, एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य बारा-एक मिनिटं आधीच जातो, उन्हाळ्यात तर चौदा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो. मुंबईची वेळ बघून वात लावली तर इथं सूर्य बुडायच्या बेतात! गार्ड माणूस, मिनिटाला जपणारा, त्यांना हे कसं चालेल, त्यांनी रेल्वेच्या डायरीत वर्षभरातल्या शुक्रवारांचा सोलापूरचा सूर्यास्त स्वतः गच्चीवर उभं राहून टिपून ठेवलाय. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. नोव्हेंबर अखेर ५.५०, जुलैच्या सुरुवातीला ७.०५. मधले एक-दोन शुक्रवार "ढग" एवढंच लिहिलंय. आता मोबाईलवर सगळं मिळतं, मी बघते पण, पण शुक्रवारी सकाळी ती वही काढून ओट्याच्या वर भिंतीला टेकवून ठेवल्याशिवाय माझा हात चालत नाही. आत्ता मे मधल्या पानावर ६.५१ आहे, त्यातून १८ गेले, ६.३३. दिवसभराचं सगळं काम त्या ६.३३ पासून मागं मोजत यायचं.

आता शब्बाथच्या जेवणातल्या पावाचं. आजी पाव कधी भाजत नव्हती, तिच्याकडं भट्टी कुठली असायला. ती दोन चपात्या करायची, तेल लावून, चांगल्या जाडसर, एकावर एक ठेवायची आणि पांढरा पंचा टाकायची वर. दोनच का, तर आमचे पूर्वज वाळवंटात चाळीस वर्षं फिरताना आकाशातून मान्ना, म्हणजे देवानं पाठवलेलं अन्न, पडायचा तो शुक्रवारी दुप्पट पडायचा, शनिवारी गोळा करायला जायचं नाही म्हणून. आणि वरखाली दवाचा थर असायचा, म्हणून कापडानं झाकायचं. लहानपणी मला हे फार खरं वाटायचं, मी पंचा उचलून बघायचे खाली दव पडलंय का. आणि गरम चपात्या झाकून ठेवल्यावर कापडाला आतून वाफेचं पाणी धरलेलं असायचंच! मी ओरडायचे, आजी, दव. आजी म्हणायची, हो, हात लावू नकोस.

वेणीचा पाव मी शिकले आत्याकडून. आत्या इस्राएलमधल्या दिमोनाला असते, १९४८ ला तो देश झाल्यावर आमच्यातली बहुतेक माणसं हळूहळू तिकडं गेली, ती पण लग्न करून गेली. ती त्याला खल्ला म्हणते, ख घशातून. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर तिनं मला शिकवला, ती सहा पेडांची वेणी घालायची आणि मी तिकडच्या तिच्या बोटांकडं बघून इकडं गोंधळायचे. शेवटी म्हणाली तुझ्या लेकीची वेणी घालतेस ना रोज, तीच घाल. तेव्हापासून तीन पेडांचीच घालते.

प्रमाण सांगते कारण मेसेज येतात. अर्धा किलो मैदा (मी त्यातली एक वाटी चपातीची कणीक घालते, चव येते), ७ ग्रॅम ड्राय यीस्ट, चार चमचे साखर भरून, दीड छोटा चमचा मीठ, दोन अंडी, पाव कप करडईचं तेल आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण कप. दूध, लोणी, तूप काही नाही. आमच्यात मटण आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून पाव असा करायचा की कशाही बरोबर खाता येईल. याच कारणानं कोकणातल्या आमच्या रश्श्यात नारळाचं दूध असतं. आत्या सूर्यफुलाचं तेल घालते, मी करडई, कारण आपल्या जिल्ह्यात करडई पिकते, घाण्यावर डोळ्यांसमोर काढून मिळते, आणि तेल्याच्या घरातल्या पोरीनं घाण्याचं तेल नाही वापरायचं तर कुणी वापरायचं.

दोन-अडीच किलो पीठ मळलं, म्हणजे सणाला, तर त्यातला एक छोटा गोळा आधी वेगळा काढून जाळायचा असतो, पूर्वी पुरोहिताला द्यायचा वाटा म्हणून. अर्धा किलोला ते लागत नाही.

मळणं मात्र हातानंच. पहिली पाच मिनिटं पीठ बोटांना नुसतं चिकटतं, अजून मैदा टाकावा वाटतं, टाकायचा नाही, तेलाचा हात लावायचा आणि तळव्याच्या मागच्या भागानं ढकलत राहायचं, दहाव्या मिनिटाला ते एकदम बदलतं, ओट्यावरून आपोआप सुटतं आणि बोटानं दाबलं की हळूच वर येतं, कानाच्या पाळीसारखं मऊ. ही वेळ मला आठवड्यातली सगळ्यात आवडती. या दहा मिनिटांत मी घरातल्या एकेकाचं नाव घेते, आजारी कोण, परीक्षा कुणाची. आत्यानं सांगितलं होतं की तिकडच्या बायका असं करतात, मला आधी जमायचं नाही, आता न घेता मळताच येत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात यीस्टला काही सांगावं लागत नाही. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, स्वयंपाकघरात त्याहून जास्त, पीठ चाळीस मिनिटांत दुप्पट होऊन झाकण ढकलायला लागतं. पुस्तकात कोमट पाणी लिहितात, मी मे महिन्यात माठातलं गार पाणी घालते. फार पटकन फुगलेला पाव आंबूस लागतो आणि भट्टीत बसतो. डिसेंबरात उलटं, दोन तास लागतात, तेव्हा पातेलं सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवते, जुनी, आजीच्या वेळची, धुऊन धुऊन मऊ झालेली, अजून रंग गेला नाही. मग पेड करायचे, वेणी घालायची, टोकं खाली दुमडायची, अर्धा तास झाकून ठेवायचं, अंडं फेटून ब्रशनं लावायचं, वर तीळ, आणि १८० वर तीस मिनिटं. खालून बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं, पोकळ वाजला की झाला.

मागच्या वर्षीचा मे मधला एक शुक्रवार मात्र सांगायलाच पाहिजे. सव्वापाचला दोन्ही पाव ओटीजीत टाकले आणि पाच-पंचवीसला वळीव आला. तुम्हाला माहिती आहे आपल्याकडचा वळीव कसा येतो, आधी धूळ, मग अंधार, मग पत्र्यावर टपाटप. पहिल्या झटक्यात लाईट गेली. ओटीजीचा लाल दांडा हळूहळू काळा पडताना मी काचेतून बघत होते. आत पाव वर आलेले, पांढरेफटक, कच्चे. दहा मिनिटं वाट बघितली, पंधरा, फोन लावला तर कुणी उचलेना, आणि सहा तेहतीसला तासाच्या आत वेळ राहिलेली.

बाबा शांतपणे उठले, म्हणाले तुझी आई कुकरात केक करायची की. मोठा कुकर काढला, शिट्टी आणि रिंग काढली, तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर स्टँड, दहा मिनिटं तापवला आणि एक पाव त्यात. दुसरा मावेना, तो बिडाच्या कढईत तसंच मीठ घालून, वर परात, परातीवर वरवंटा. मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात आम्ही दोघं गॅससमोर उभे. मुलगा दर दोन मिनिटांनी वही बघून वेळ ओरडतोय. सहा-वीसला कुकर उघडला तर पाव चक्क झालेला, वर रंग नाही फारसा पण वाजवला तर पोकळ. कढईतला खालून करपला, दोन बोटं काळा. तो कापून टाकावा का असा विचार करत होते, बाबा म्हणाले राहू दे, दोन पाहिजेत.

त्या दिवशी मेणबत्त्या लावल्या तेव्हा घरात दुसरा उजेडच नव्हता. आजीच्या काळात ती काचेच्या ग्लासात पाणी, वर खोबरेल तेल आणि वात घालून दिवा करायची, मला एकदम तेच दिसलं. रात्री नऊला लाईट आली आणि घरभर सगळ्या खोल्यांतल्या ट्यूब एकदम पेटल्या, कारण गडबडीत कुठलं बटण चालू आहे कुठलं बंद कुणी बघितलंच नव्हतं. आता बंद कोण करणार, बटणाला हात लावायचा नाही. रात्रभर सगळ्या खोल्या लखलखाट. मुलं डोक्यावरून चादर घेऊन झोपली. तेव्हापासून शुक्रवारी साडेपाचला मी घरभर फिरून एकेक बटण बघते, पॅसेजचा छोटा दिवा चालू, बाथरूमचा चालू, बाकी बंद, पंखे चालू, आणि पाव कधीच चारच्या पुढं नेत नाही.

घराचं म्हणाल तर विशेष काही नसतं. शहाबादी फरशी आहे, ती सकाळीच पुसून घेते म्हणजे दुपारपर्यंत गार पडते, संध्याकाळी सगळे खालीच बसतात. पलंगावर धुतलेल्या चादरी. टेबलावरचा पसारा, बिलं, शाळेच्या वह्या, चार्जर हे सगळं एका टोपलीत भरून कपाटात, मोबाईल पण त्याच टोपलीत जातात सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा हे सुरू केलं तेव्हा मुलगी रडली होती, आता तीच टोपली घेऊन फिरते, बाबा द्या, मम्मी दे. चहा करून थर्मासात, कारण शनिवारी सकाळी बाबांना चहा लागतोच. एका शेगडीवर मंद गॅस आधीच लावून वर पत्रा ठेवते, त्याच्यावर शनिवारचं जेवण गरम राहतं.

जेवणात मासे. आमच्या पद्धतीनं जनावर कापणारं इथं कुणी नाही, मुंबईहून कुणी आलं तरच मटण, त्यामुळं उजनीचा रोहू नाहीतर कटला. खवले आणि पर दोन्ही असलेलाच मासा चालतो. कोळीणबाई आता मला ओळखतात, वांब, मांगूर दाखवतच नाहीत, लांबूनच म्हणतात, ताई तुमचा हाय बघा, खवल्याचा. नारळाचं दूध, हिरवी मिरची, कोथिंबीर, कोकम, झालं.

आणि मनुका! ही गोष्ट फार लोकांना माहिती नाही. किद्दुश म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीची प्रार्थना द्राक्षाच्या पेयावर म्हणतात, आमच्यात वाईन नसायची तर काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत करतात. कोकणात मनुका विकत आणायला लागायच्या, आम्ही तर द्राक्षाच्या मुलखात राहतो. पंढरपूरकडून ओळखीचे एकजण दरवर्षी काळ्या मनुका आणून देतात. गुरुवारी रात्री मूठभर भिजत घालते, शुक्रवारी दुपारी हातानं कुस्करते, फडक्यातून पिळते. गडद तांबूस पाणी येतं, साखर घालावी लागत नाही. ग्लासात ओतलं की बाबा उजेडासमोर धरून बघतात, आजोबा बघायचे तसंच.

शेजारच्या अक्का पद्मशाली, घरी तेलुगू. त्यांचा पण शुक्रवार लक्ष्मीचा, त्या दुपारपासून उंबरा धुऊन हळद लावून रांगोळी काढतात. पावाचा वास सुटला की भिंतीपलीकडून हाक येते, काय गं, झाला का तुझा पाव? त्यांना शनिवारी सकाळी अर्धी वेणी जाते आणि तिकडून शेंगाचटणी येते. शिळा खल्ला, त्यावर शेंगाचटणी आणि कच्चं करडईचं तेल, हा आमचा शनिवारचा नाश्ता, आत्याला सांगितलं तर तिला दिमोनात बसून तोंडाला पाणी सुटलं. संध्याकाळी साधारण एकाच वेळी त्या त्यांचा दिवा लावतात आणि मी माझ्या दोन मेणबत्त्या. मी डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हणते तेव्हा पलीकडून घंटीचा आवाज येतो, इतकी वर्षं येतोय की आता तो माझ्या प्रार्थनेतलाच वाटतो.

कालचा पाव चांगला झाला. बाबांनी पंचा उचलला, हमोत्सी, म्हणजे पावावरची प्रार्थना, म्हटली, तोडून मिठाला लावून एकेकाला दिला. पंच्याला आतून पाणी धरलं होतं. मुलीनं बोट लावून बघितलं आणि माझ्याकडं बघितलं, मी म्हणाले हो, दव.

आज संध्याकाळी गच्चीवर तीन तारे मोजले, ते दिसले की शब्बाथ संपतो, मेच्या धुरळ्यात तिसरा दिसायला वेळ लागला, लवंग-दालचिनीची डबी सगळ्यांनी हुंगली, मेणबत्ती सरबतात विझवली आणि टोपली बाहेर आली. आत्याकडं अजून शब्बाथच आहे, ती आपल्यापेक्षा अडीच तास मागं, तिचे तारे निघायला आपल्याकडं पावणेअकरा-अकरा वाजतात. तोपर्यंत फोन करून उपयोग नाही. मी हे लिहीत बसलेय, मोटरचा आवाज येतोय, या वेळी दोनच दिवसांत परत नळ आलाय वाटतं.